तेवीस लाल पट्ट्या

मोठ्या सिस्टर खोलीत आल्या तेव्हा त्यांच्या काखेत जाड पुठ्ठ्याचं जुनं रजिस्टर होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं नाही, आपटलं.

"दोन वाजता लसीकरण सुरू होतंय," त्या म्हणाल्या. "एकशे ऐंशी पोरं, चार टेबलं. तुमची ती यादी पटकन उघडली तर ठीक. नाहीतर सगळे कॉम्प्युटर भिंतीकडे तोंड करून ठेवणार आणि ह्यात लिहिणार. मोठ्या डॉक्टरांना सांगून आलेय."

"सिस्टर, बसा तरी," मास्तर म्हणाले.

"तुमची यादी उघडेपर्यंत रोज बसतेच आहे की मी!"

त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला. "आणि तू गं? बाळ कसं आहे? दूध पितं ना नीट?"

"पिते. कालपासून जरा कमी पितेय, पण पिते," कोपऱ्यातली म्हणाली.

मुलांच्या दवाखान्याच्या मागची ही खोली. पूर्वी इथे एक्सरेच्या फिल्म वाळत घालत असत. छताखालची तार आणि तिला लटकलेले चिमटे अजून तसेच होते. आता तिथे दवाखान्याचा प्रोग्रॅम सांभाळणारी दोन माणसं बसत. एक मास्तर. ते आधी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. आणि दुसरी ही. हिला सगळे तपासनीस म्हणत. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायची, मेल पाठवायच्या आधी मोठ्याने वाचायची आणि पाठवल्यावर पुन्हा एकदा वाचायची. सहा महिन्यांच्या रजेनंतर ती तीन आठवड्यांपूर्वी कामावर परतली, आणि मास्तरांच्या मते तिची तपासणी आता व्याजासकट परत आली होती.

सिस्टर गेल्या. रजिस्टर मात्र मुद्दाम तिथेच ठेवून गेल्या. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

सिस्टरांचा राग उगाच नव्हता. गेल्या गुरुवारी तिसऱ्या टेबलावर एका नर्सनं यादी उघडायला टाकली, ती उघडेना, समोर पोरगं किंचाळत होतं, मागे रांग पार जिन्यापर्यंत गेलेली. नर्सनं यादी न बघता सुई दिली. त्या मुलाच्या नावापुढे लाल पट्टी होती. ह्याला आधीच्या लशीचा त्रास झाला होता, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, असं सांगणारी. पट्टी पडद्यावर आली तेव्हा सुई टोचून झाली होती. दहा मिनिटांत पोराच्या अंगावर गांध्या उठल्या. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते, निभावलं. संध्याकाळी पोरगं हसतखेळत घरी गेलं.

हे ऐकल्यापासून ते तपासनिसाच्या डोक्यातून जात नव्हतं. मुलीची लंगोटी बदलताना ती इवलीशी मांडी दिसली की तिला ती न उघडलेली यादी दिसायची. रजिस्टर परत आलं तर पट्टी उशिरा येण्याचाही प्रश्न नव्हता. पुठ्ठ्याला लाल पट्टी येत नाही. अडीचशे पानांत कुठेतरी निळ्या शाईत एक ओळ असते, आणि रांग लागलेली असताना ती कुणी शोधत नाही.

"मास्तर, मला सापडलंय बहुतेक," ती म्हणाली.

"बहुतेक, की तीनदा ओढून बघितलंयस?"

"एकदा ओढलंय. या, दाखवते."

डेटाबेसमध्ये प्रत्येक मुलाची एक अखंड नोंद होती, कागदाच्या फायलीसारखी. नाव, जन्मतारीख, प्रत्येक भेट, प्रत्येक वजन, प्रत्येक लस, सगळं त्या एकाच फायलीत. जावास्क्रिप्ट ह्या भाषेतल्या प्रोग्रॅमनं फाईल मागितली की मधली लायब्ररी, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा तयार कोड, नुसती फाईल देत नसे. तिच्याबरोबर पेन देई, खोडरबर देई, शिक्का देई, आणि फाईलमध्ये कुणी काही बदलतंय का हे बघायला एक पहारेकरीही बसवी. एखाद्या मुलाचं वजन लिहायचं असेल तेव्हा हे सगळं हवंच. पण लसीकरणाची यादी फक्त वाचायची असते. तिथे एकशे ऐंशी फायली, त्यांच्या पोटातल्या हजारो भेटी, आणि प्रत्येकीवर पहारेकरी. आणि जावास्क्रिप्टला हात एकच, एका वेळी एकच काम. एका टेबलासाठी ती हे पहारेकरी उभे करत बसली की उरलेली तीन टेबलं ताटकळायची.

"नुसतं वाचायचंय असं लायब्ररीला सांगायची सोय आहे," ती म्हणाली. "डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाच्या शेवटी 'लीन', म्हणजे सडपातळ, हा इंग्रजी शब्द जोडायचा. मग ती नुसता मजकूर देते, बाकी लवाजमा नाही. आणि अख्खी फाईलही नको. नाव, वय, अ‍ॅलर्जी, आजची लस, एवढेच रकाने मागायचे."

"मग जोड की. सहा महिने रजेवर असताना हेच योजत होतीस वाटतं?"

"रजेवर असताना मी फक्त झोप योजत होते, मास्तर."

दुरुस्ती दहा ओळींचीसुद्धा नव्हती. चाचणीच्या मशीनवर तिनं आजची यादी आधी जुन्या पद्धतीनं मागवली. नऊ सेकंद, तेही एकाच टेबलाला. मग नव्या पद्धतीनं. तिला वाटलं काही चाललंच नाही. पुन्हा मागवली. पाव सेकंद. एकशे ऐंशी नावं पडद्यावर हजर.

मास्तरांनी खुर्ची मागे सारली आणि टाळीच वाजवली. "झालं! चढव दवाखान्याच्या मशीनवर. मी सिस्टरना सांगतो, रजिस्टर घेऊन जा म्हणावं."

"थांबा जरा."

"आता काय? सव्वाबारा वाजलेत."

"थांबा म्हणते ना."

ती पडद्याकडे बघत होती. यादी सुंदर दिसत होती, पांढरीस्वच्छ. तेच तिला खटकत होतं. एकशे ऐंशी मुलं, आणि एवढी स्वच्छ? तिनं जुनी यादी शेजारी उघडली आणि पेन्सिलीनं पट्ट्या मोजल्या. तेवीस. नव्या यादीत मोजायला काही नव्हतंच.

शून्य.

कारण काय, हे तिला त्याच क्षणी कळलं. लाल पट्टी डेटाबेसमध्ये लिहिलेली नव्हतीच मुळी. दोन वर्षांपूर्वी तिनंच ती युक्ती केली होती. मोठ्या कौतुकानं केली होती. फाईल हातात येता येता लायब्ररी आतल्या चार गोष्टी बघून पट्टी तिथल्या तिथे तयार करायची. आता तिनं लायब्ररीला सांगितलं होतं, लवाजमा नको. त्या लवाजम्यातच पट्टी होती. आणि पडदा तरी कसा, तर पट्टी आली नाही तर गप्प बसायचा, रिकामी जागा दाखवायचा. रिकाम्या जागेचा अर्थ नर्सच्या लेखी एकच, ह्या मुलाला काही धोका नाही.

"मास्तर, आत्ता हे चढवलं असतं ना," ती म्हणाली, "तर गेल्या गुरुवारी एका मुलाचं जे झालं, ते आज तेवीस जणांचं झालं असतं. आणि तेही पाव सेकंदात."

मास्तर पडद्याजवळ आले. चष्मा वर केला, खाली केला. "शून्य?"

"शून्य."

"बरं," ते म्हणाले आणि बसले. "मग तुझी युक्ती बाहेर काढ. साधं फंक्शन लिही. मजकूर घ्यायचा, पट्टी द्यायची. लायब्ररीची गरजच नको."

तेच ती लिहायला लागली होती. तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. तिनं फोन खांदा आणि कान ह्यांच्यामध्ये धरला आणि टाईप करत राहिली.

"अगं, झोपली ती," सासूबाई म्हणाल्या.

"दूध?"

"प्यायली."

"पूर्ण?"

"दोन घोट ठेवले. ते मी मोजून भांड्यात काढून ठेवलेत, तू आलीस की दाखवते. पंखा दोनवर आहे, खिडकी बंद आहे, उशी बाजूला लावलीय. राहिलं काही?"

"ताप?"

"ताप मला यायचा आता, तुझ्या प्रश्नांनी. ठेव फोन, काम कर!"

तिनं फोन ठेवला. क्षणभर बरं वाटलं. मग पुन्हा पडदा.

फंक्शन चाललं. यादी आली, पट्ट्या आल्या, लालभडक. मास्तरांचा जीव भांड्यात पडलेला त्यांच्या श्वासावरून ऐकू आला. आपल्याही तोंडावर हसू आलं आहे हे तिला जाणवलं, आणि तिनं ते मोजून होईपर्यंत आवरून धरलं. या वेळी पेन्सिल घेतली नाही. एक छोटी चाचणी लिहिली. दोन्ही याद्या शेजारी शेजारी मागवायच्या आणि पट्ट्यांचा आकडा छापायचा.

जुनी: तेवीस. नवी: चौदा.

"अरे देवा," मास्तर म्हणाले. "नऊ जण कुठे गेले?"

एक वाजायला आला होता. बाहेर जिन्यावर पहिल्या आया येऊन बसू लागल्या होत्या. पातळ भिंतीपलीकडून एका तान्ह्याचं रडणं येत होतं. ते रडणं ऐकताच तिच्या अंगात दूध दाटून आलं. तिनं ओढणी नीट केली आणि खुर्ची पुढे ओढली.

नऊ जण तिच्याच कात्रीनं कापले गेले होते. यादी हलकी व्हावी म्हणून तिनं जुन्या भेटी मागितल्याच नव्हत्या. जड त्याच होत्या ना. पण काही मुलांची अ‍ॅलर्जी वेगळ्या रकान्यात लिहिलेली नव्हती. ती एखाद्या जुन्या भेटीच्या पोटात, 'लशीनंतर काय झालं' या ओळीत होती. फंक्शन तिथे बघायला गेलं, तिथे भेटीच नव्हत्या, आणि ते धरून चाललं की सगळं आलबेल आहे.

"सगळ्या भेटी परत मागवल्यास तर पुन्हा जड होईल," मास्तर म्हणाले.

"सगळ्या नकोत. भेटीतली ती एक ओळ तेवढी मागते. वजनं नकोत, उंच्या नकोत, फी नको."

दोन मिनिटांत बदल झाला. चाचणी चालवली.

तेवीस. बावीस. वेळ: अर्ध्या सेकंदाहून कमी.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. दीड.

"एक," ते म्हणाले. "एकच राहिलं. हे बघ, जुन्या यादीत लाल आणि नव्यात नाही, असा हा एकच नंबर. एक्केचाळीस सतरा. मी चिठ्ठी लिहितो, सिस्टरच्या हातात देतो, हे पोरगं आलं की थांबा म्हणून. तू हे चढव. उद्या निवांत बघू."

"नको."

"अगं, एका मुलाचा प्रश्न आहे. आणि तो आपल्याला माहीत आहे!"

"आजच्या यादीतला एक माहीत आहे. परवाच्या यादीत असे किती असतील? ते का गळतंय हेच कळलं नाहीये अजून मास्तर, मग चिठ्ठ्या किती जणांच्या लिहिणार?"

मास्तरांनी आवाज मऊ केला, आणि तो मऊ झाला म्हणून तिला जास्त लागला. "हे बघ, राग मानू नकोस. माझ्या बायकोचंही झालं होतं असं. बाळंतपणानंतर सहा-आठ महिने प्रत्येक गोष्टीची धास्ती. गॅस बंद आहे का, दार लावलंय का. होतं तसं. पण धास्तीपायी आपण अर्ध्या तासात सगळंच घालवून बसू. दोनला यादी अडली की रजिस्टर. मग तुझ्या तेवीसच्या तेवीस पट्ट्या गेल्या."

ते म्हणत होते त्यातलं बरंचसं खरं होतं. सकाळी बसमध्ये चढल्यावर ती पुन्हा उतरून घरी गेली होती, गॅसची खात्री करायला. गॅस बंदच होता. रात्री ती मुलीच्या नाकापुढे बोट धरून श्वास मोजायची. आपली भीती कुठे संपते आणि डोकं कुठे सुरू होतं, हे तिचं तिलाच आताशा सांगता येत नसे.

पण आकडा तिच्या डोक्यात नव्हता. तो पडद्यावर होता.

"असेल धास्ती," ती म्हणाली. "पण वजाबाकी बाळंतपणानं बदलत नाही ना, मास्तर? तुम्ही शिकवलीयत पोरांना. तेवीस वजा बावीस."

मास्तरांनी चिठ्ठीसाठी कागद पुढे ओढला.

"पावणेदोनपर्यंत द्या मला. नाही सापडलं तर तुमची चिठ्ठी, आणि मी स्वतः जाऊन टेबलापाशी उभी राहते."

"पावणेदोन," मास्तर म्हणाले. "एक मिनिट जास्त नाही."

तिनं एक्केचाळीस सतराची फाईल कच्ची उघडली, डेटाबेसमध्ये आहे तशी. तीन वर्षांचा मुलगा. चार भेटी. कुठेही त्रासाची ओळ नाही. अ‍ॅलर्जीचा रकाना शोधला, तर रकानाच नाही. रिकामा नव्हे, नाहीच. मग जुन्या पद्धतीनं त्याला पट्टी कशी मिळाली? आतमध्ये काही नसताना लाल?

तिनं जुनी यादी पुढे ओढली आणि त्या पट्टीवरचा मजकूर पहिल्यांदाच नीट वाचला. बाकीच्या पट्ट्यांवर लस, औषध असं काहीतरी लिहिलेलं होतं. हिच्यावर होतं: 'विचारलेले नाही.'

तिनं तोंडावर हात ठेवला.

हा मुलगा रजिस्टरच्या काळातला होता. त्याची फाईल पुठ्ठ्यावरून उतरवली तेव्हा अ‍ॅलर्जीचा रकाना अस्तित्वातच नव्हता. पुढे रकाना आला तेव्हा जुन्या शेकडो फायली कोण उघडत बसणार, म्हणून लायब्ररीला सांगून ठेवलं होतं: जिथे रकाना सापडणार नाही तिथे वाचताना 'विचारलेले नाही' असं धर. लायब्ररी इमानेइतबारे तसं धरत आली होती. लीन म्हटल्यावर तिनं तेही सोडलं. जे आहे तेवढंच दिलं. नाही ते नाही.

"मास्तर, हा एकटा नाही. जुन्या रजिस्टरमधून आलेलं प्रत्येक मूल असं आहे. आज एकच आलाय एवढंच."

मास्तरांनी डोळे मिटले, मनात काही मोजलं, आणि डोळे उघडले. "लिही," ते म्हणाले. "मी वाचत बसतो मागे. चुकलीस तर ओरडतो."

तिनं फंक्शन पुन्हा वरून लिहिलं. रकाना नसेल तर 'विचारलेले नाही', लाल. त्रास लिहिलेला असेल तर लाल. विचारलेलं असेल आणि नाही म्हणून सांगितलेलं असेल तरच हिरवी, बारीक 'नाही'. आणि पडद्याला बजावलं की रिकामी जागा कधीच दाखवायची नाही; काहीच आलं नाही तर अख्खी ओळ पिवळी कर आणि 'माहिती मिळाली नाही' असं लिही. एका ठिकाणी मास्तर ओरडले. ते बरोबर होते. तिनं दुरुस्त केलं.

तेवीस. तेवीस.

तिनं पुन्हा चालवली. तेवीस, तेवीस. मग नुसते आकडे नको म्हणून नोंदींचे नंबरही एकमेकांशी ताडून पाहिले. तेच तेवीस. मग कालच्या यादीवर, परवाच्या यादीवर.

"पावणेदोन कधीच होऊन गेले," मास्तर म्हणाले, पण ते उठले नव्हते. "चढवू?"

"चढवा."

दोनला पाच कमी असताना नवी यादी दवाखान्याच्या मशीनवर गेली. मास्तर तिथेच बसून मशीनकडे डोळे लावणार होते. ती रजिस्टर उचलून जिन्यातल्या आया आणि पोरांमधून वाट काढत पुढच्या खोलीत गेली.

चार टेबलं, चार पडदे. चारही नर्सनी एकदमच यादी उघडली. ती दाराशी उभी राहिली, रजिस्टर छातीशी धरून. चारही पडदे भरले. पहिल्या टेबलावरची नर्स मान वरही न करता म्हणाली, "पुढचा." बस्स. एवढीच दाद.

ती तासभर तिथून हलली नाही. पट्टी आली की नर्सचा हात थांबतो का, हेच बघत होती. दोनदा थांबला. एकदा डॉक्टर आले आणि लस बदलली.

मोठ्या सिस्टर चौथ्या टेबलावर होत्या. तीन वाजून गेल्यावर त्यांच्यापुढे एक आजोबा नातवाला घेऊन बसले. सिस्टरनी सुई भरली, पडद्याकडे नजर टाकली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय आणखी? 'विचारलेले नाही'! ए तपासनीस, इकडे ये. हे काय आहे?"

"आहे ते बरोबर आहे, सिस्टर. ह्याला कुणी कधी विचारलेलंच नाही."

"तीन वर्षांत?"

"जुन्या रजिस्टरमधला आहे."

सिस्टरनी तिच्या छातीशी धरलेल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग आजोबांकडे वळल्या. "काका, आधीच्या लशींनी ह्याला काही त्रास झाला होता का? अंगावर उठणं, सूज, धाप लागणं, काही?"

"मला काय माहीत बाई," आजोबा म्हणाले. "मी नुसता घेऊन आलोय. त्याच्या आईला माहीत. ती कामावर आहे."

मागच्या रांगेतून कुणीतरी कुरकुरलं. पोरगं पाय हलवत सुईकडे डोळे फाडून बघत होतं. सिस्टरनी सुईवर टोपण बसवलं आणि ती ट्रेमध्ये ठेवली.

"लावा तिला फोन."

"आत्ता?"

"आत्ताच. लावा, आम्ही थांबतो."

आजोबांनी चष्मा शोधला, फोन शोधला, सुनेचं नाव शोधलं. घंटी खूप वेळ वाजली. मग पलीकडून यंत्रांच्या घरघरीतून एका बाईचा घाईतला, घाबरलेला आवाज आला. "काय झालं? बाबा? काय झालं त्याला?"

"काही झालेलं नाही, बाळा," सिस्टर फोनकडे वाकून म्हणाल्या. "दवाखान्यातून बोलतेय. फक्त विचारायचंय." आणि त्यांनी विचारलं.

पलीकडे घरघर थोडी दूर गेली. ती बाई कुठेतरी बाजूला आली असावी.

"हो, झालं होतं," ती म्हणाली. "दीड वर्षाचा होता तेव्हा, दुसऱ्या दवाखान्यात. ओठ सुजले होते, रात्रभर बसून होते मी. मला वाटलं तुमच्याकडे असेल लिहिलेलं. लिहून घ्या ना."

सिस्टरनी मान हलवली, डॉक्टरांना बोलवा म्हणून शेजारच्या नर्सला खूण केली, आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला. "सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग. कोणती लस होती?"